राखलेल्या पाण्याचा काठ कोणाचा?

प्रति,
मा. क्षेत्र संचालक, नवेगाव-नागझिरा व्याघ्र राखीव क्षेत्र
मा. जिल्हाधिकारी, गोंदिया
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, गोंदिया
मा. सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय, गोंदिया



हे पत्र चौघांना मिळून लिहितो आहे, कारण आमच्याकडचा एकच तलाव चार कार्यालयांत वाटलेला असतो. पाणी सिंचनाचं, पाळ जिल्हा परिषदेची, मासळीचा विषय मत्स्यव्यवसाय खात्याचा, आणि तलावाची एखादी कड जंगलात शिरली असेल तर तेवढी कड वनखात्याची. प्रत्येकाला वेगळं पत्र लिहिलं की विषय हमखास पलीकडच्या टेबलाचा निघतो.

मी मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातला नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या मच्छीमार सोसायट्यांचे कागद लिहून देतो. ठेक्याचे अर्ज, वर्षाचा जमाखर्च, अलीकडे वनहक्काचे दावे. त्या कागदांतून जे साचत गेलं, ते आपल्यासमोर ठेवायचं आहे.

सुरुवात समुद्रापासून करतो आहे, तेव्हा थोडा धीर धरा. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईचा समुद्र गाठायचा तर जवळपास हजार किलोमीटर जावं लागतं, आणि आमच्या तालुक्यातल्या कित्येक म्हाताऱ्या मच्छीमारांनी तो पाहिलेलाही नाही. पण पाण्याचा एक तुकडा जाळ्याला बंद केला तर शेजारच्या मच्छीमाराचं भलं होतं की त्याचं पोट मारलं जातं, हा प्रश्न जगात सर्वांत जास्त तपासला गेला तो समुद्रात. आमच्याकडे वाघासाठी जंगल राखलं गेलं आणि जंगलाबरोबर पाणीही राखलं गेलं. 1970 मध्ये नागझिरा अभयारण्य झालं, 1975 मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं आणि डिसेंबर 2013 मध्ये ही दोन्ही आणि परिसरातली इतर अभयारण्यं मिळून व्याघ्र राखीव क्षेत्र जाहीर झालं, ज्याचा गाभा सुमारे 654 चौरस किलोमीटरचा आहे. त्या गाभ्यात आणि त्याच्या कडेला किती तलाव, किती बोड्या (लहान तळी), किती नाले आले आणि त्यांतल्या मासळीचं पुढे काय झालं, हा हिशेब मात्र ढिवरांसमोर कधी मांडला गेलेला नाही.

हे आताच लिहिण्याला कारण आहे. डिसेंबर 2022 मध्ये माँट्रियलला जैवविविधतेचा जागतिक करार झाला. 2030 पर्यंत जमिनीचा, गोड्या पाण्याचा आणि समुद्राचा तीस टक्के भाग राखायचा, असं त्यात ठरलं, आणि भारतही त्यात आहे. गोड्या पाण्याचा उल्लेख स्पष्ट आहे. म्हणजे आज ना उद्या कोणीतरी नकाशा घेऊन तलावांच्या जिल्ह्यात येणार आणि कुठलं पाणी रंगवता येईल ते शोधणार. तो रंग भरण्याआधी हे पत्र आपल्या हाती असावं.

समुद्रातून काय शिकायला मिळतं? एक आशादायक गोष्ट आधी. कॅरिबियनमधल्या सेंट लुसिया या छोट्या बेटाने 1995 मध्ये प्रवाळाच्या किनाऱ्यावर काही पट्टे मासेमारीला बंद केले. मच्छीमारांच्या नेहमीच्या जागेचा साधारण एक तृतीयांश भाग गेला. ओरड झालीच असणार. पण पाच वर्षांत शेजारच्या उघड्या पाण्यात सापळे लावणाऱ्यांची मासळी, सापळ्याच्या प्रकारानुसार, 46 ते 90 टक्क्यांनी वाढली. जागा कमी होऊनही मासळी वाढली. मेक्सिकोतल्या काबो पुल्मोला 1995 मध्येच गावकऱ्यांच्या पुढाकाराने समुद्र राखला गेला, आणि 1999 ते 2009 या दहा वर्षांत तिथल्या माशांचं एकूण वजन साडेचारशे टक्क्यांहून जास्त वाढलं.

आता दुसरी बाजू. 2014 मध्ये जगभरच्या 87 सागरी राखीव क्षेत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. क्षेत्र उपयोगी ठरायला पाच गोष्टी लागतात, असं त्यात दिसलं: मासेमारी पूर्ण बंद हवी, राखण खरी हवी, दहा वर्षांहून जास्त काळ झालेला हवा, क्षेत्र मोठं हवं आणि ते भोवतालच्या पाण्यापासून वेगळं पडलेलं हवं. निम्म्याहून जास्त क्षेत्रांत यांतल्या एक-दोनच गोष्टी होत्या, आणि त्या क्षेत्रांतलं पाणी शेजारच्या सर्रास मासेमारी चालणाऱ्या पाण्यापेक्षा वेगळं काढता येत नव्हतं. पाटी लागली होती, मासळी नव्हती. आपल्या खात्यांना हा प्रकार नवा नसेल.

समुद्रातला निष्कर्ष तलावाला कसा लागू होईल, असं आपण विचाराल. रास्त प्रश्न आहे. त्याचं एक उत्तर थायलंडमधल्या साल्वीन खोऱ्यातून आलं. तिथल्या डोंगरी गावांनी आपापल्या नदीचा थोडा भाग स्वतःच बंद ठेवला होता. कुठल्या खात्याने नव्हे, गावाने. अशा 23 तुकड्यांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारच्या उघड्या पाण्याच्या तुलनेत राखलेल्या डोहांत माशांच्या जाती 27 टक्क्यांनी जास्त होत्या आणि माशांचं एकूण वजन वीसपटीहून जास्त होतं. हे डोह लहान होते, राखण गावाची होती, आणि राखलेल्या पाण्याच्या काठावर जाळं टाकणारेही त्याच गावचे होते. माझं सगळं म्हणणं या शेवटच्या गोष्टीभोवती आहे.

आपल्याकडेही हे अगदी नवं नाही. रायगडमधल्या वाळणकोंडीला काळ नदीच्या डोहात किंवा वाड्याजवळ तिळसेश्वराला वैतरणेत देवाचे म्हणून मासे कोणी मारत नाही. तिथे कायद्याचा बडगा नाही, तरी मासे टिकले आहेत.

आता आमच्या तलावांकडे येतो. राखलेल्या समुद्रातून बाहेर मासळी दोन वाटांनी येते: मोठे मासे पोहत हद्दीबाहेर येतात, आणि अंडी-पिलं प्रवाहाबरोबर दूर जातात. तलावाला प्रवाह नसतो. वर्षातले दहा महिने तलाव म्हणजे चारी बाजूंनी मिटलेलं पाणी. पण मृगाच्या सरी कोसळून आषाढात तलाव भरला की पाणी सलंगेवरून, म्हणजे सांडव्यावरून, ओसंडतं, नाल्यात जातं, धानाच्या बांध्यांतून वाहतं आणि खालच्या गावच्या तलावात शिरतं. कोहळी पाटलांनी आणि गोंड राजांच्या काळातल्या गावकऱ्यांनी तलाव बांधले ते असेच, वरच्याचं पाणी खालच्याला मिळेल अशा बेताने. त्या चार-सहा आठवड्यांत मासळी वाहत्या पाण्यावर स्वार होऊन खाली येते, आणि अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वरही चढते. समुद्रात जे काम वर्षभर प्रवाह करतात, ते इथे काही आठवडे सलंग करते.

म्हणजे राखलेल्या पाण्याचा फायदा गावच्या तलावाला मिळायचा असेल तर तो मिळेल सलंगेतून आणि नाल्यातून. नागझिऱ्याच्या आतल्या तलावात जाळं पडत नाही. नवेगावचा विस्तीर्ण जलाशय डोंगरांनी आणि जंगलाने वेढलेला आहे. तिरोड्याकडचे चोरखमारा, बोदलकसा हे इंग्रजी अमदानीतले तलाव नागझिऱ्याच्या शेजाराला आहेत. जंगलात उगम पावणारे कितीतरी नाले गावांकडे येतात. या वाटा मोकळ्या असतील तर जंगलातलं राखलेलं पाणी हे खालच्या पन्नास तलावांचं बियाणं ठरू शकतं. वाटा बुजलेल्या असतील तर गाभ्यातली मासळी गाभ्यातच म्हातारी होईल आणि बाहेरच्या ढिवराला तिचा शेपटीचा वारादेखील लागणार नाही. वाटेत काय काय असतं ते आपणही पाहिलं असेल: रस्त्याखाली उंच बसवलेली नळी, जिच्यातून पाणी धबधब्यासारखं पडतं आणि मासा वर चढू शकत नाही, नाल्याचं सरळ केलेलं पात्र, आणि, खरं ते लिहिलं पाहिजे, आमच्याच सोसायट्यांनी सलंगेवर बांधलेली जाळी.

ती जाळी का बांधतात, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सोसायटी दरवर्षी कटला, रोहू, मृगळाची बोटुकली विकत आणून तलावात सोडते. ठेक्याची रक्कम भरलेली असते, बियाण्याचे पैसे दिलेले असतात. पहिल्या पुरात ती बोटुकली सलंगेवरून वाहून गेली तर वर्षाचा धंदा बुडतो. म्हणून जाळी. पण त्याच जाळीने मरळ, शिंगी, मागूर, बाम, झिंगे यांची वाट अडते.

इथे एक गोष्ट आपल्या तज्ज्ञांना सांगायची गरज नाही, पण जाहीर पत्र असल्याने लिहून ठेवतो. रोहू-कटला तलावाच्या साठलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करत नाहीत. त्यांना वाहतं, चढतं पाणी लागतं. रोहूची मादी आपल्या वजनाच्या दर किलोमागे दोन-तीन लाख अंडी धरते, पण तलावात ती तशीच राहतात. म्हणून तलावाचा कोपरा राखला की रोहू वाढेल, असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. रोहू वाढेल ती बोटुकलीनेच. कोपरा राखल्याने वाढेल ती गावरान मासळी: मरळ, शिंगी, मागूर, बाम आणि त्या लहान-लहान जाती, ज्या टोपलीत घेऊन बाया आठवडी बाजारात बसतात. रोहूचा पैसा सोसायटीच्या खात्यात जातो, गावरान मासळीचा पैसा बाईच्या पदरात पडतो. मासेमारीच्या आकडेवारीत पहिलाच दिसतो, पण घर दुसऱ्याने चालतं.

मरळीचं उदाहरण घ्या. ही मासळी पिलांना टाकून जात नाही. नर-मादी मिळून पिलांचा लालसर थवा पाण्याच्या वरच्या थरात घेऊन फिरतात आणि स्वतः खाली राहून राखण करतात. थवा दिसला की मोठी मरळ त्याखाली आहे, हे ढिवराच्या दहा वर्षांच्या पोरालाही कळतं. गळ तिथेच पडतो. आईबाप गेले की थवा दोन दिवसांत इतर माशांच्या आणि बगळ्यांच्या पोटात जातो. मोठी मादी जाण्याचा तोटा किती, तेही पाहा: 2018 मध्ये समुद्री माशांच्या शेकडो जातींवरचा एक अभ्यास आला होता. बहुतेक जातींत तीन किलोची एक मादी एक-एक किलोच्या तीन माद्यांपेक्षा जास्त अंडी घालते, असं त्यात आढळलं. धान पिकवणाऱ्या गावाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बियाण्याची कणगी कोणी कांडून खात नाही. तलावात मात्र ती कणगी कुठली हेच कोणी ठरवून ठेवलेलं नाही.

ठरवण्याचा प्रयत्न झालेला आहे, हेही नोंदवतो. भंडाऱ्याच्या फीड संस्थेचे मनीष राजनकर यांनी आणि अर्जुनी मोरगावच्या ढिवर स्त्री-पुरुषांनी मिळून काही तलावांतून बेशरम हे माजणारं झुडूप उपटलं, उन्हाळ्यात कोरडा पडलेला तलावाचा तळ नांगरला आणि त्यात गावरान पाणवनस्पती पुन्हा लावल्या. पाण्यात कुठलं गवत असलं की कुठला मासा अंडी घालतो, ही जुन्या ढिवरांची माहिती त्यांनी कागदावर आणली. नोंदी ठेवण्याचंच बघा. वाघाबद्दल माझी काही तक्रार नाही. 2023 मध्ये ब्रह्मपुरीकडून वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या तेव्हा त्यांच्या गळ्यात पट्टे घालून त्यांचा रोजचा माग ठेवला गेला. दर हिवाळ्यात तलावांवर पक्षी मोजले जातात. मासळीसाठी मात्र एक साधी नोंदवही घातलेली मला माहीत नाही.

आता या पत्राचा कडू भाग.

पाणी राखलं की मच्छीमार नाहीसा होत नाही, तो बाजूच्या पाण्यावर जातो. समुद्रात याचा बराच अभ्यास झाला आहे. बंद क्षेत्राच्या रेषेला चिकटून होड्यांची रांग लागते आणि उरलेल्या पाण्यावरचा भार वाढतो. आमच्याकडे याचा अर्थ असा की जंगलातल्या बोडीवर ज्याचं चालत होतं, तो उद्या शेजारच्या गावच्या तलावावर येईल, आणि तिथे आधीच दुसरी सोसायटी बसलेली असेल. भांडण ढिवर विरुद्ध ढिवर होतं आणि वनखात्याच्या अहवालात त्याची ओळही येत नाही.

राखलेलं पाणी आणि मच्छीमाराचं पोट यांच्या ओढाताणीची जवळची उदाहरणं दोन आहेत, दोन्ही सातपुड्याच्या परिसरातली. पेंचच्या तोतलाडोह जलाशयात बुडालेल्या गावांच्या आदिवासींना मध्य प्रदेशने मासेमारीचे 305 परवाने दिले. त्याविरुद्ध पर्यावरणवादी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. 1997 मध्ये न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. परवान्यावर छायाचित्र हवं, ठरलेल्या वाटेनेच जावं, काठावर चूल पेटवू नये, अशा अटी घालून मासेमारी चालू ठेवली. जंगल नाजूक आहे आणि माणसांचं पोटही खरं आहे, ही दोन्ही वाक्यं एकाच निकालात बसू शकतात, हे त्यातून दिसलं. दुसरं उदाहरण तवा धरणाचं. तिथे 44 गावं विस्थापित झाली. 1996 मध्ये विस्थापितांच्या सोसायट्यांच्या संघाला, तवा मत्स्य संघाला, जलाशयाचा ठेका मिळाला. दहा वर्षं त्यांनी तो चालवला, पावसाळी बंदी स्वतः पाळली, उत्पादन वाढवलं. 2006 च्या अखेरीस ठेका संपला आणि सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या कारणाने नवा मिळाला नाही. नेमक्या त्याच डिसेंबरमध्ये संसदेत वनहक्क कायदा मंजूर झाला. त्या कायद्याच्या कलम 3 मधल्या सामूहिक हक्कांच्या यादीत पाणवठ्यातल्या मासळीचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे.

समुद्रातलं आपल्या राज्यातलं उदाहरण मालवणचं. 1987 मध्ये सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचं 29.12 चौरस किलोमीटर पाणी सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं, त्यातला गाभा जेमतेम 3.18 चौरस किलोमीटरचा. रापण ओढणाऱ्यांनी आणि छोट्या होडीवाल्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला. त्यांना मासळी राखणं नको होतं असं नाही. पर्ससीन आणि ट्रॉलरविरुद्ध सर्वांत मोठ्याने ओरडणारे तेच होते, आणि पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश राज्याने काढला तो फेब्रुवारी 2016 मध्ये. त्यांची भीती एवढीच होती की अभयारण्याचा नियम पहिल्यांदा लागेल तो किनाऱ्यावरच्या होडीला, आणि खोल समुद्रातून येणारी मोठी बोट तशीच राहील. त्या भीतीवर कोणी वेळेत लेखी उत्तर दिलं नाही. अभयारण्य बराच काळ कागदावर राहिलं.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 26अ मध्ये एक ओळ आहे, ती आपण चौघांनी एकदा वाचावी अशी विनंती आहे. अभयारण्यात समुद्राचं पाणी घ्यायचं असेल तर हद्द ठरवण्यापूर्वी स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित राखण्यासाठी पुरेशी उपाययोजना करणं तिथे बंधनकारक आहे. मालवणच्या गाबित मच्छीमाराला कायद्याने एवढा तरी आधार दिला. गोंदियाच्या ढिवराचं पाणी खारं नाही, म्हणून त्या ओळीत तो बसत नाही. त्याला वनहक्क कायद्याकडे जावं लागतं, आणि तिथे दुसरी अडचण उभी राहते. महाराष्ट्रात ढिवर भटक्या जमातींत येतात, अनुसूचित जमातींत नाही. म्हणून इतर पारंपरिक वननिवासी या नात्याने त्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास आणि जंगलावरचं अवलंबन सिद्ध करावं लागतं. तलावावर आजोबांनी डोंगा चालवला, याचा सातबारा नसतो.

कागद अगदीच नाहीत असं मात्र नाही, आणि इथे जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय हवं तर एका महिन्यात मोठं काम करू शकतं. जुन्या मध्य प्रांतातल्या गावांचं निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज आपल्या अभिलेख कक्षांत आहेत. कुठल्या तलावात कोणी मासळी मारायची, पाणी कधी सोडायचं, गाळपेर कोणी करायची, हे गावोगावचे रिवाज त्यांत नोंदवलेले असतात. मालगुजारी 1950 च्या कायद्याने गेली, तलाव सरकारचे झाले, पण त्या नोंदी मेलेल्या नाहीत. ढिवर सोसायटीच्या माणसाने तालुक्याला चकरा मारून नक्कल मागावी, यापेक्षा गाभ्याला आणि बफरला लागून असलेल्या सगळ्या गावांची ही पानं शोधून ग्रामपंचायतीत लावावीत. दाव्यांचा निम्मा गुंता तिथेच सुटेल. वन्यजीव कायद्याचं कलम 38व्ही बफरमध्ये सहजीवनाची भाषा करतं आणि गाभ्याबद्दलही वननिवासींच्या हक्कांना बाधा न येता असे शब्द वापरतं. कर्नाटकात बिळिगिरी रंगनच्या व्याघ्र प्रकल्पात 2011 मध्ये सोलिग आदिवासींचे सामूहिक हक्क मान्य झाले. तिथे वाघ अजून आहे.

आता मागणी काय, ते सरळ लिहितो. गाभ्यातले तलाव उघडा, असं मी म्हणत नाही. काही जण म्हणतील, त्यांच्याशी माझं जमत नाही. नागझिऱ्याच्या आतलं पाणी बंदच राहू द्या. पण त्या बंदीचा जो काही फायदा हद्दीबाहेर उतरतो, त्यावर पहिला हक्क त्या बंदीने ज्यांचं पाणी गेलं त्यांचा असावा. गाभ्यालगतच्या तलावांचे ठेके देताना आतल्या पाण्यावर पूर्वी जगणाऱ्या कुटुंबांच्या सोसायटीला अग्रक्रम द्या आणि तो नियमात लिहा. ठेका लिलावात शहरातल्या ठेकेदाराकडे गेला, तर राखणीचा खर्च गावाने केला आणि मासळी ट्रकने गेली, असा अर्थ होतो.

दुसरं, गावच्या प्रत्येक तलावात सोसायटीने आपल्या मर्जीने एक कोपरा जाळ्याला बंद ठेवावा, विशेषतः जिथे गवताळ उथळ पाणी आहे आणि सलंगेचा नाला जवळ आहे. असा कोपरा कुठला ते जुने ढिवर बोट दाखवून सांगतात. आषाढ-श्रावणात सलंगेवर चढणीची, अंडीवाली मासळी मारायची नाही, असा ठराव ग्रामसभेने करावा. राज्याच्या समुद्रात 1 जून ते 31 जुलै बंदी असते, शेजारच्या बालाघाटला 16 जून ते 15 ऑगस्ट नदी-तलावांत मासेमारी बंद असते. आपल्याकडे तारखा गाव ठरवू शकतं. मात्र त्या दोन महिन्यांत ज्यांची चूल मासळीवर पेटते त्यांना रोजगार हमीतून तलावाचंच काम द्या. बेशरम काढणं, नाल्यातल्या नळ्या खाली बसवणं, पाळीची डागडुजी, कामाला तोटा नाही.

सोसायट्या हे करायला तयार होतील का? मी विचारून पाहिलं आहे. बरेच जण गप्प बसले. गप्प बसण्याचं कारण एका म्हाताऱ्याने शेवटी सांगितलं: आज आम्ही कोपरा राखला, उद्या तुम्ही म्हणाल हा राखीव तलाव आहे, मग आम्हालाच बाहेर काढाल. मालवणची भीती ती हीच. हिला भाषणाने उत्तर देता येत नाही. गावाने स्वतःहून राखलेलं पाणी कुठल्याही अधिसूचनेत ओढलं जाणार नाही, त्यावरचा मासेमारीचा हक्क त्यामुळे कमी होणार नाही, असं चारही कार्यालयांच्या सहीचं पत्र हवं. त्या एका कागदावर किती तलावांचे कोपरे राखले जातील, ते आपण वर्षभरात मोजू शकाल. मोजायला माणसं आम्ही देऊ. ढिवर बायांना तराजू वापरता येतो.

सलंगेवरच्या जाळीचाही मार्ग निघू शकतो. बोटुकली मोठी करूनच तलावात सोडली, तर जाळीचा आस मोठा ठेवता येतो, आणि लहान गावरान मासळी ये-जा करू शकते. मोठी बोटुकली महाग पडते. फरकाची रक्कम मत्स्यव्यवसाय खात्याने द्यावी का वनखात्याने, यावर आपण आपसात भांडा. आमच्या हिशेबात ती रक्कम व्याघ्र प्रकल्पाच्या पर्यटनातून यायला हरकत नाही, कारण जिप्सीत बसलेल्या पाहुण्याला पाणकोंबड्या आणि करकोचे दाखवले जातात ते याच पाण्यावरचे.

मृग 7 जूनच्या आसपास लागतं. त्याआधी अर्जुनी मोरगावला एक बैठक लावा, चारही कार्यालयांची एकत्र, सोसायट्यांचे अध्यक्ष आणि मासळी विकणाऱ्या बाया समोर बसतील अशी. तारीख आठ दिवस आधी कळवा, म्हणजे बाजाराचा वार टाळता येईल. आम्ही प्रत्येक तलावाच्या सलंगेवरच्या जाळीचं माप आणि नाल्यातल्या नळ्यांची यादी लिहून आणू. आपण नकाशा आणा. भिंतीवर टांगायचा हिरव्या-पिवळ्या रंगाचा नको. गावनकाशाच्या मापाचा, ज्यात बोड्या आणि नाले ओळखू येतील आणि गाभ्याची रेषा नेमक्या कुठल्या बांधीवरून गेली आहे ते बोट ठेवून दाखवता येईल, असा.

आपला,
अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक